खोटा उपवास

जुन्नरच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले ती पाणी तापवायला. देवदर्शन, कुतूहल, सर्वधर्मसमभाव यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. हातात आमच्या घरचं पितळी पातेलं होतं आणि दवाखान्याच्या मावशींनी सांगितलं होतं, "भिंतीपल्याड चर्चच्या आवारात चुली हायेत, कुणालाबी वापरू देत्यात."

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आणे गावात आमचं किराणा दुकान. माझ्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून आले आणि पठारावर राहिले. तेव्हापासून आम्ही आण्याचेच. त्या हिवाळ्यात सासूबाई दुकानामागच्या पायरीवरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. जुन्नरला हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्या पायाला वजन लावून खाटेवर झोपवलं आणि सांगितलं, आता काही आठवडे हलायचं नाही. त्यांच्यापाशी राहायला मी, नवीनच म्हणावी अशी सून.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. आई म्हणजे कडक जैन. सूर्य मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. कांदा, लसूण, बटाटा नाही. पाणी तापवून गार केलेलंच. जुन्नरात आमच्या समाजाची घरं होती, डबा द्यायला सगळे तयार होते. पण आईंचं म्हणणं, "रोज उठून कुनाचा डबा घ्यायचा? मिंधं व्हायला मला जमनार न्हाई." मग माझे यजमान आण्याहून सकाळच्या एसटीनं डबा पाठवायचे. तो दहाच्या सुमारास पोचायचा. त्यातल्या दोन पोळ्या आई संध्याकाळसाठी ठेवायच्या. दात नव्हते, पोळ्या तोवर कडक झालेल्या असायच्या. म्हणून त्या पाण्यात भिजवून, दिवस मावळायच्या आत, घाईघाईनं गिळायच्या.

पाणी मात्र रोज तापवावंच लागे. खोलीत स्टोव्ह लावायला परवानगी नव्हती. म्हणून चर्च.

चर्च छोटंसं, दगडी, कौलारू. आवारात चिंचेखाली भिंतीला लागून तीन-चार चुली मांडलेल्या. पलीकडे पडवी, तिथं घोंगड्या-वाकळांच्या वळकट्या रचलेल्या. दवाखान्यात ज्यांचं माणूस असे, ते डोंगराकडचे लोक तिथं मुक्काम करत, घरून आणलेलं नाचणीचं पीठ नाहीतर तांदूळ तिथंच शिजवत. चर्चच्या पाळकांची बायको, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, हे सगळं बघायची. पन्नाशीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. मला पाहिल्यावर तिनं नाव-गाव विचारलं नाही. विचारलं, "तुमी काय खाता? कधी खाता?" मला वाटलं, चौकशीची खोड आहे. मग पाहिलं, ती आलेल्या प्रत्येकाला हेच विचारत होती. कुणाला तांदूळ लागतो, कुणाला भाकरीच लागते, कुणाच्या माणसाला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. जे विचारून कळेल त्याप्रमाणे लाकडं, तवा, पातेलं पुढं करायची.

मला हे नवीन होतं. आमच्याकडेही दान खूप. पण आमचं आधी ठरतं, मग वाटलं जातं. घेणाऱ्याला काय हवंय हे विचारायचं आम्हाला सुचत नाही. घेणारा हात जोडतो आणि आम्हाला बरं वाटतं. त्या चुलींपाशी उभं राहून पहिल्यांदा मला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

तिथंच घाटघरची एक बाई भेटली. तिचा नवरा हिरड्याच्या झाडावरून पडून कंबरेत दुखावला होता आणि आमच्या शेजारच्याच खोलीत होता. बाई पडवीत राहायची. कमी बोलायची. मी पातेलं चुलीवर ठेवलं की न सांगता लाकडं आत सारायची.

"अन्न का न्हाई शिजवत इथं?" पाळकीणबाईनं एकदा मला विचारलं. "पानी तेवढं तापवून नेता."

मी काहीतरी पुटपुटले. खरं कारण असं, की आईंनी स्वतःच एक नियम काढला होता: परक्या चुलीचं पाणी चालतं, अन्न नाही. हा नियम कुठल्या महाराजांनी सांगितला असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला कळतं तेवढं." तुमच्या चुलीवर मटण शिजतं हे मी पाळकीणबाईला कोणत्या तोंडानं सांगणार?

तिनं ते ओळखलं असावं. दोन दिवसांनी गेले तर कोपऱ्यात एक नवी चूल मांडलेली, शेणानं सारवलेली. "ही तुमची," ती म्हणाली. "हिच्यावर दुसरं काय चढनार न्हाई." आणि त्याच दिवशी, सूर्य अजून वर असताना, ती स्वतः खोलीत आली. हातात बाजारातून आणलेला कोरा डबा, त्यात मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, शेजारी तापवून गार केलेलं पाणी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मला विचारून घेतलेलं सगळं तिनं अक्षरशः पाळलं होतं.

"आजी, परवा दारातनं त्या वाळक्या पोळ्या पान्यात बुडवून खाताना तुमाला बघितलं. गळ्याखाली घास उतरंना माझ्या," ती म्हणाली. "दिस मावळायच्या आत खाऊन घ्या."

आईंनी डब्याकडे पाहिलं. वाफ येत होती. मला त्यांच्या चेहऱ्यावर भूक दिसली, अगदी लहान मुलासारखी. नाही म्हणायला एकही कारण उरलेलं नव्हतं. चूल नवी, डबा नवा, पदार्थ आमचा, वेळ आमची. उरली होती एकच गोष्ट, शिजवणारीचा हात. आणि ते तोंडावर बोलण्याइतक्या आई निर्दय नव्हत्या.

"आज माझा उपवास हाय," आई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी भाजी-पोळी खाल्ली होती. डबा मीच धुतला होता. पाळकीणबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

आमच्यात उपवास म्हणजे साबुदाणा-भगर नव्हे. अन्न अजिबात नाही, फक्त तापवलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. खोटं बोलणं वाईटच, पण उपवासाचं खोटं बोलणं म्हणजे आमच्या घरात कुणी स्वप्नातही करणार नाही. पाळकीणबाई गेल्यावर आईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, एक दिवसाचं आहे, निभावून जाईल.

कसलं निभावतंय! दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई पुन्हा हजर. "आजी, सुटला का उपास? काय आनू?" आई गोंधळल्या आणि म्हणाल्या, "तेला धरलाय." तेला म्हणजे सलग तीन उपवास. पाळकीणबाईच्या डोळ्यांत जो आदर आला तो बघून मला कुठंतरी पळून जावंसं वाटलं. "अशा मोडक्या हाडानिशी तीन दिस? धन्य तुमची."

आता डबा लपवणं आलं. दहाच्या एसटीनं डबा आला की मी दार लोटायचे, शाल आडवी धरायचे आणि आई शालीमागे भराभर जेवायच्या. एरवी मी डबा चर्चच्या नळावर घासायचे. आता दवाखान्याच्या न्हाणीत घासू लागले, वास राहू नये म्हणून दोनदा. पाण्याला चर्चमध्ये गेले की पाळकीणबाई विचारायची, "आजींना थकवा तर न्हाई ना?" मी म्हणायचे, "नाही, सवय आहे त्यांना." मी खोटं बोलायला इतक्या लवकर सरावले याची मला स्वतःचीच धास्ती वाटली. आई निदान बोलल्यावर डोळे मिटून पडून राहायच्या. मी चुलीपाशी बसून हसून गप्पा मारायचे.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या बायका खोलीत आल्या. पाच-सहाजणी असतील. पाळकीणबाई पुढे. ओठ सुकलेले, आवाज नेहमीसारखा खणखणीत नाही. "आजी," ती म्हणाली, "तुमी देवासाठी एवढं करताय. आमी बायांनी आज तुमच्यासंगं उपास धरला, तुमचं हाड जुळावं म्हनून. प्रार्थना करून मग सोडनार. चालंल ना?"

मागं भिंतीला टेकून घाटघरची बाई उभी होती. ती काही ख्रिस्ती नव्हती. तिचा चेहरा अगदी उतरला होता. कुणीतरी म्हणालं, "हिनं तर कालपास्नंच काय खाल्लं न्हाई. म्हातारं मानूस उपाशी हाय, माझ्याच्यानं खावत न्हाई म्हनली."

बायकांनी खाटेभोवती उभं राहून प्रार्थना केली. साधी, बोलल्यासारखी. या आजीचं हाड जुळू दे, वेदना कमी कर, तिच्या सुनेला बळ दे. तिच्या सुनेला! मी खाली फरशीकडे बघत होते. आईंच्या पोटात तेव्हा सकाळचा डबा होता, माझ्याही होता, आणि त्या खोलीत उपाशी नसलेल्या दोघीच, त्या म्हणजे आम्ही.

बायका गेल्या. मग आई म्हणाल्या, "उद्यापास्नं माझा डबा नको म्हनून निरोप दे. तुझ्यापुरताच पाठव म्हनावं."

"आई, काय करताय?"

"तेला करतीय. त्यांना सांग, तीनावर अजून तीन वाढवलेत म्हनून."

मी नको नको म्हटलं. या वयात, या अवस्थेत. त्यांनी हात जोडून नवकार मंत्र म्हटला आणि पच्चक्खाण घेतलं, म्हणजे तीन उपवासांचा संकल्प केला. एकदा पच्चक्खाण घेतल्यावर आमच्यात कुणी कुणाला अडवत नाही.

खरी अडचण अन्नाची नव्हतीच. आई आयुष्यभर उपवास करत आलेल्या. अडचण गोळीची होती. दुखणं दाबायची गोळी दिवसातून तीनदा घ्यायची, पोटात काहीतरी घालून. उपवासात गोळीही खाल्ल्यातच जमा. म्हणजे गोळी बंद. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी सोसलं. मग कण्हू लागल्या. संध्याकाळी त्यांनी शालीचं टोक दातांशिवायच्या हिरड्यांत धरलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "तुम्ही शिकलेल्या आहात ना? समजवा त्यांना. वेदनेनं पेशंटचा दाब वाढतोय." मी काय समजावणार? हे सगळं कशापायी चाललंय हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

रविवारी पाण्याला गेले तर चर्चमध्ये उपासना चालू होती. दारं उघडी. बाकांवर नेहमीची माणसं आणि मागं खाली सतरंजीवर दवाखान्यातले नातेवाईक, कुणी टोपीवाला, कुणी नऊवारीतली, कुणी मांडीवर पोर घेतलेली. कुणी गाण्यात सूर मिसळत होतं, कुणी नुसतंच ऊन खात बसलं होतं. कुणाला उठ-बस करायला सांगितलं जात नव्हतं. मी पायरीपाशी पातेलं घेऊन उभी राहिले. पाळकांनी प्रार्थनेत आजारी माणसांचा उल्लेख केला आणि म्हणाले, "आपल्या शेजारी दवाखान्यात एक जैन माता आहे. तिच्या श्रद्धेपासून आपण शिकू या." सगळी डोकी खाली झुकली. मला ओळखणाऱ्या एका बाईनं वळून पाहिलं आणि मायेनं हसली. मी पातेलं तिथंच ठेवून परत फिरले. मग आठवलं, आईंना पाणी तरी हवंच. पुन्हा गेले. तोवर घाटघरच्या बाईनं पातेलं चुलीवर चढवलं होतं.

मंगळवारी सकाळी पारणं होतं. पारणं म्हणजे उपवास सोडणं. ते कुणाच्या हातून करायचं याला आमच्यात मोठं मोल. ज्याच्या हातून होतं त्यालाही पुण्याचा वाटा मिळतो असं मानतात, घरात त्यासाठी चढाओढ लागते. आई म्हणाल्या, "पाळकीणबाईला बोलाव. तिच्या हातनं सोडनार. मुगाचं पानी म्हनावं, तिच्याच चुलीवरचं."

ती आली. मागोमाग घाटघरची बाईही. आई इतक्या उतरल्या होत्या की डोळे खोबणीत गेलेले. पाळकीणबाईनं पेला पुढे केला. आईंनी तो घेतला नाही. आधी हात जोडले आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं."

हे आमचं क्षमा मागण्याचं वाक्य. वर्षातून एकदा पर्युषणाच्या पर्वानंतर आम्ही ते सगळ्यांना म्हणतो, दुकानातल्या गिऱ्हाइकांपासून जावा-नणंदांपर्यंत. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा. समोरचाही तेच म्हणतो आणि विषय संपतो. त्यात काय चुकलं हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. मीही जन्मभर ते असंच म्हणत आले होते, नमस्कार केल्यासारखं. आईंना तेवढ्यावर सुटका हवी होती असं मला वाटतं. पण पाळकीणबाईला ही रीत ठाऊक नव्हती. तिनं अर्थ विचारला. मी सांगितला.

"माफी?" ती म्हणाली. "कशाबद्दल?"

आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझा पहिला उपवास खोटा व्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचं खायचं नव्हतं म्हनून बोलले. मी रोज जेवत व्हते. तुमी बाया उपाशी राहिल्या, त्या दिवशीपन जेवले व्हते. हे तीन दिवस तेवढे खरे." श्वास घेतला आणि पुढं म्हणाल्या, "सुनंला यातलं काय माहीत न्हाई. ती पान्याला गेली की मी डबा उघडायचे."

पाळकीणबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. नाही, शाल मी धरत होते, डबा मी घासत होते, मान मी हलवली होती. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी पेल्यातल्या मुगाच्या पाण्याकडे बघत राहिले.

सगळ्यात आधी घाटघरची बाई बोलली. "म्हंजी आजी जेवत व्हत्या व्हय? बरं झालं बया. मला लई घोर लागला व्हता." आणि खरंच तिचा चेहरा मोकळा झाला. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. तो आला असता तर सोसलं असतं.

पाळकीणबाईला मात्र लागलं. ते लपलं नाही. "आमच्या हातचं चालत न्हाई, एवढं म्हनला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "आमाला हाय सवय." मग पेला आईंच्या ओठांशी नेला. "आता चालतंय का?"

"चालतंय," आई म्हणाल्या. त्या प्यायल्या आणि रडल्या. मग गोळी घेतली, आणि कितीतरी दिवसांनी दुपारभर गाढ झोपल्या. मी शेजारी बसून स्वतःला समजावलं की मिटलं सगळं.

दुसऱ्या दिवशी दोघींचा डबा आला. मी आईंसमोर उघडला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आज माझा उपवास हाय."

"आई! आज कसला?"

"काल एक खोटं बोलले ना, तुझ्यासाठी. त्याचा."

आवाजात राग नव्हता. "तुझं नाव निघू नये असं वाटलं. नवी सून तू. पन बोलले ते बोललेच." गोळी स्टुलावर तशीच पडून होती. मी म्हटलं, मी जाते, खरं काय ते सांगून येते, तुम्ही जेवून घ्या. आई म्हणाल्या, "पच्चक्खाण घेतलंय मी. तू सांगितलं तर तुझं हलकं व्हईल. माझा उपवास काय त्यानं सुटत न्हाई."

मी पातेलं घेऊन चर्चमध्ये गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. पाळकीणबाई चुलीपाशी तांदूळ मोजत होती. मला बघून नेहमीसारखीच म्हणाली, "या. आज काय खानार आजी?"

"आज उपवास आहे त्यांचा."

तिचा हात थांबला. "खरा?"

"खरा."

"आता कशासाठी?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. चिंचेखाली आम्ही तिघीच होतो, घाटघरची बाई लाकडं मोडत होती. कुणी मला रागावणार नव्हतं, कुणी घराबाहेर काढणार नव्हतं.

"आमच्यात असतो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि माझ्या चुलीत जाळ करून दिला. आईंनी तो दिवस आणि ती रात्र गोळीशिवाय काढली. दुपारी मला भूक लागली तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून डबा खाल्ला, दोघींचाही, कारण अन्न टाकायचं नसतं.